सांध्याचा हिशेब : क्वांटम संगणकाच्या आपल्या चर्चेची एक चिकित्सा

क्वांटम संगणकाविषयीची मराठी बातमी बहुधा एका आकड्याने सुरू होते आणि त्याच आकड्यावर संपते. सहा क्यूबिट, पंचवीस क्यूबिट, एकशे छप्पन्न क्यूबिट, हजार क्यूबिट. गेली काही वर्षे मी अशा बातम्यांची कात्रणे जमवतो आहे. भोकरदन तालुक्यातल्या हसनाबादसारख्या गावात बसून या विषयाचा मागोवा घेणाऱ्याच्या हाती वर्तमानपत्रे आणि मोबाईलवर उघडणारे शोधनिबंध एवढेच साहित्य असते. या दोहोंत पडलेले अंतर मात्र ठळकपणे दिसते. बातमी आकडा वाचते तो ट्रॅक्टरच्या अश्वशक्तीसारखा. पस्तीस एचपीपेक्षा पन्नास एचपीचा ट्रॅक्टर जास्त ओढणार, म्हणून सहापेक्षा एकशे छप्पन्न क्यूबिटांचा संगणक तितक्या पटीने मोठा, असा हा हिशेब आहे. शोधनिबंधांतली भांडणे वेगळ्याच गोष्टींवर चाललेली असतात.

या लेखात मला एवढेच मांडायचे आहे की आपली मोजपट्टी चुकीच्या जागी लावली जाते आहे. अतिसंवाहक क्यूबिटांच्या क्षेत्रात 'एका चिपवर किती बसवले' हा प्रश्न आता मागे पडू लागला आहे. 'एक चिप दुसरीला कशी जोडायची आणि त्या जोडात किती गळते' हा प्रश्न पुढे आला आहे. हा बदल लक्षात घेतला नाही, तर आपल्याच देशात, आपल्याच राज्यात जे काम चालले आहे त्याचे मोल आपल्याला करता येणार नाही. सार्वजनिक पैशाने चाललेल्या कामाचे मोल करता न येणे ही मामुली गोष्ट नव्हे.

थंडीतला धातू

आधी वस्तू कोणती ते पाहू. अतिसंवाहक क्यूबिट म्हणजे सिलिकॉन किंवा सॅफायरच्या लहानशा तुकड्यावर ॲल्युमिनियम, नायोबियम अशा धातूंचे बसवलेले एक सर्किट. त्याच्या पोटात एक 'जोसेफसन संधी' असते : दोन अतिसंवाहक थरांमध्ये ऑक्साईडचा काही नॅनोमीटर जाडीचा पडदा. अणू-इलेक्ट्रॉनांच्या जगातले पुंजयामिकीचे नियम अशा हातात धरता येण्याजोग्या सर्किटालाही लागू पडतात, हे जॉन क्लार्क, मिशेल देवोरे आणि जॉन मार्टिनिस यांनी १९८४-८५ मध्ये बर्कलीला प्रयोगाने दाखवले. त्या कामासाठी या तिघांना २०२५ चे भौतिकीचे नोबेल मिळाले. यातला एक धागा थेट मुंबईपर्यंत येतो. देवोरे पुढे येल विद्यापीठात गेले. तिथे त्यांच्या हाताखाली पीएच.डी. केलेले आर. विजयराघवन बर्कलीत संशोधन करून कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये आले आणि त्यांनी अतिसंवाहक क्यूबिटांची प्रयोगशाळा उभी केली.

हे सर्किट साधारण ५ गिगाहर्ट्झच्या सूक्ष्मलहरींना प्रतिसाद देते. मोबाईल आणि वायफाय याच्याच आसपासच्या लहरी वापरतात, त्यामुळे लागणारी इलेक्ट्रॉनिक्स ओळखीची आहे. अडचण थंडीची आहे. ५ गिगाहर्ट्झच्या एका ऊर्जापुंजाची किंमत तापमानाच्या भाषेत सुमारे ०.२४ केल्विन भरते. भोवतालचे तापमान त्याहून पुष्कळ खाली नसेल तर उष्णतेचाच गोंगाट क्यूबिटला हलवून टाकतो. म्हणून चिप १० ते २० मिलिकेल्विनवर, अंतराळाच्या पोकळीहून शंभर पटींनी अधिक थंडीत ठेवतात. त्यासाठी लागणारे डायल्यूशन रेफ्रिजरेटर आपल्याकडच्या प्रयोगशाळांत बहुतेक परदेशी बनावटीचे आहेत.

हा ०.२४ केल्विनचा आकडा वाचकाने लक्षात ठेवावा. दोन चिपा जोडताना तोच पुन्हा आडवा येणार आहे.

आधी निवड, मग जोडणी

एकच भली मोठी चिप का करू नये? एक साधा हिशेब करू. समजा, एक क्यूबिट नीट उतरण्याची शक्यता ९९ टक्के आहे. मग दहा क्यूबिटांची चिप संपूर्ण निर्दोष निघण्याची शक्यता साधारण दहांत नऊ. शंभराची चिप घेतली तर ती शंभरात सदतीसवर येते. हजाराची चिप घेतली तर एका लाखात चार. यातला ९९ हा आकडा मी केवळ समजण्यासाठी घेतला आहे, पण घसरणीची तऱ्हा खरी आहे. त्यातच प्रत्येक क्यूबिटची कंपनसंख्या ठरवलेल्या आकड्याहून थोडी इकडेतिकडे जाते आणि दोन शेजाऱ्यांच्या कंपनसंख्या एकमेकींना भिडल्या की दोघेही निकामी होतात. प्रत्येक क्यूबिटला वरून खाली येणाऱ्या तारा लागतात. प्रत्येक तार थोडी उष्णता आत आणते. आणि रेफ्रिजरेटरची उष्णता खेचण्याची ताकद मर्यादित असते.

यावरचा उपाय आपल्याकडचा शेतकरी दर खरिपाआधी करतो. घरचे सोयाबीन पेरायचे असेल तर शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचे, मोड मोजायचे, सत्तरच्या वर आले तरच ते बियाणे रानात न्यायचे. पेरल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेले बरे. विभागशः रचना, म्हणजे लहान लहान चिपांचा संगणक, याच शहाणपणावर उभी आहे. लहान चिपा पुष्कळ करायच्या, एकेक तपासायची, चांगल्या तेवढ्या निवडून जोडायच्या. पुढे एखादी बिघडली तर तेवढीच काढून दुसरी बसवायची.

आयबीएमने चाललेला रस्ता यासाठी पाहण्याजोगा आहे. २०२१ मध्ये १२७ क्यूबिटांची 'ईगल', २०२२ मध्ये ४३३ ची 'ऑस्प्रे' आणि डिसेंबर २०२३ मध्ये ११२१ ची 'काँडोर' अशा चिपा तिने जाहीर केल्या. हजाराचा उंबरठा ओलांडला म्हणून काँडोरची बातमी सगळीकडे झळकली. पण त्याच दिवशी कंपनीने १३३ क्यूबिटांची 'हेरॉन' ही चिपही पुढे आणली, आणि 'सिस्टिम टू' नावाच्या नव्या यंत्रात बसवल्या त्या तीन हेरॉन. पुढच्या आवृत्तीत हेरॉन १५६ क्यूबिटांची झाली आणि कंपनीचा भर तिच्यावरच राहिला. हजार क्यूबिट एका चिपवर बसवता येतात हे काँडोरने सिद्ध केले. कामाला मात्र लहान आणि कमी चुका करणारी चिप जुंपली गेली. मथळा आणि काम यांची फारकत याहून स्पष्ट क्वचितच दिसेल.

'जोडले' या एका क्रियापदाखाली

मराठी बातमीत, आणि इंग्रजीतही, 'दोन क्वांटम चिपा जोडल्या' असे सरसकट लिहिले जाते. या एका क्रियापदाखाली किमान चार वेगवेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात. त्या सुट्या केल्याशिवाय कोणतेही मूल्यमापन पोकळ आहे.

पहिली जोडणी साध्या माहितीची. नोव्हेंबर २०२४ मध्ये आयबीएमच्या संशोधकांनी 'नेचर'मध्ये दाखवले की १२७ क्यूबिटांच्या दोन चिपा नेहमीच्या, अभिजात संदेशांनी जोडून त्यांच्याकडून एका चिपवर न मावणारे गणित करून घेता येते. प्रयोग चतुर आहे. मात्र दोन चिपांमध्ये क्वांटम असे काहीच जात नाही. गणिताचे तुकडे पाडून नंतर ते सांधले जातात, आणि असे काप वाढले की पुनरावृत्तीचा खर्च झपाट्याने वाढतो.

दुसरी जोडणी शेजारची. अमेरिकेतल्या रिगेटी कंपनीने २०२१ मध्ये वेगवेगळ्या सिलिकॉन तुकड्यांवरचे क्यूबिट एकमेकांत गुंतवून दाखवले. २०२५ मध्ये तिने नऊ-नऊ क्यूबिटांच्या चार चिपांची ३६ क्यूबिटांची यंत्रणा आणली. इथे चिपा फरशीसारख्या एकमेकींना लागून बसवलेल्या असतात आणि मधले अंतर अगदी थोडे असते.

तिसरी जोडणी केबलची, एकाच रेफ्रिजरेटरच्या आत. चौथी दोन वेगळ्या रेफ्रिजरेटरांमधली. खरी परीक्षा या दोन प्रकारांत आहे.

अडचण अशी. टेलिफोनच्या तारेत संदेश क्षीण झाला तर वाटेत प्रवर्धक बसवून तो वाढवता येतो. क्यूबिटमधल्या अनोळखी स्थितीची नक्कल काढता येत नाही; हा पुंजयामिकीचा नियमच आहे. नक्कल नाही म्हणजे प्रवर्धन नाही. एकच एक सूक्ष्मलहरी-पुंज पाठवायचा, तो पोहोचला तर पोहोचला. वाटेत गळाला तर माहिती गेली. शिवाय त्याची ऊर्जा ०.२४ केल्विनची, तो खोलीच्या तापमानाच्या तारेतून नेला तर उष्णतेच्या कोलाहलात हरवणारच. म्हणून जोडणारी वाटही चिपेइतकीच थंड, निदान तिच्या जवळपास तरी ठेवावी लागते.

झ्युरिकच्या ईटीएचमधल्या आंद्रेआस वॉलराफ यांच्या गटाने ही गोष्ट टोकाला नेली. त्यांनी ३० मीटर लांबीची, आतून जवळजवळ निरपेक्ष शून्यापर्यंत थंड केलेली नळी बांधून दोन टोकांचे क्यूबिट गुंतवले आणि बेलची असमता मोडून दाखवली. हा निबंध मे २०२३ मध्ये 'नेचर'मध्ये आला. त्या नळीत १.३ टन तांबे आणि सुमारे १४ हजार स्क्रू लागले. या स्क्रूंकडे मी शेवटी परत येणार आहे.

लांबी गाठता येते हे झ्युरिकने दाखवले. तोटा कमी करता येतो हे इतरांनी. शेनझेनमधल्या गटाने २०२३ मध्ये कमी तोट्याच्या ॲल्युमिनियम केबलींनी पाच विभाग जोडले. २०२५ मध्ये इलिनॉय विद्यापीठातल्या वोल्फगांग फाफ यांच्या गटाने वेगळ्या करून पुन्हा लावता येतील अशा दोन उपकरणांमध्ये केबलीवरून सुमारे ९९ टक्के विश्वासार्हतेने अदलाबदल साधली. 'सोडवता येणारा' हा त्यातला माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाचा शब्द. बिघडलेला भाग बदलता आला नाही तर विभागशः रचनेचा निम्मा फायदा गेलाच. आणि सोडवता येणारा प्रत्येक सांधा हीच गळतीची जागा असते, हे रानात पाईप जोडणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही.

आता ९९ टक्के म्हणजे पुरेसे का? दहा वेळा अदलाबदल केली तर सगळे शाबूत राहण्याची शक्यता ९० टक्के. शंभर वेळा केली तर ३७ टक्के. सांधा ९९.९ टक्क्यांचा झाला तर शंभर वेळांनंतरही ९० टक्के उरतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये आयबीएमने दोन हेरॉन चिपा सुमारे मीटरभर लांबीच्या केबलींनी जोडून दाखवल्या, तेव्हा त्या जोडावरच्या क्रियेत साधारण ३.५ टक्के चूक होती. चिपेच्या आत तशाच क्रियेतली चूक एका टक्क्याहून पुष्कळ कमी असते. म्हणजे जगातल्या अग्रगण्य कंपनीचाही सांधा चिपेच्या मागेच आहे. हे अपयश आहे असे कोणी समजू नये. आकडा जाहीर केला, म्हणूनच पुढच्या वर्षी तो सुधारला की नाही हे आपल्याला तपासता येते. टीका करायला आधी आकडा हवा.

मुंबईचे वर्तुळ

ऑगस्ट २०२४ मध्ये डीआरडीओने जाहीर केले की पुण्याची तिची क्वांटम तंत्रज्ञानाची तरुण वैज्ञानिक प्रयोगशाळा आणि टीआयएफआर यांनी सहा क्यूबिटांच्या अतिसंवाहक प्रोसेसरची अथपासून इतिपर्यंत चाचणी पूर्ण केली. बातमी आली आणि लगेच तुलनाही सुरू झाल्या : तिकडे हजार, इकडे सहा.

ते निवेदन शांतपणे वाचले तर त्यात तीन गोष्टी सापडतात. एक, कोणी काय केले हे त्यात स्पष्ट आहे. चिपेची रचना आणि घडण टीआयएफआरची, नियंत्रण आणि मापनाची यंत्रणा पुण्याच्या प्रयोगशाळेची, क्लाऊडवरून काम पाठवण्याची सोय टीसीएसची. दोन, चिपेची रचना टीआयएफआरमध्येच सुचलेल्या वर्तुळाकार अनुनादकाच्या कल्पनेवर आधारलेली आहे. तीन, क्यूबिटांची संख्या वाढवताना तांत्रिक अडचणी, वेळ आणि पैसा कसा वाढत जातो हे तपासणे हे पुढचे उद्दिष्ट म्हणून नोंदवले आहे. प्रयोगशाळेने स्वतःहून लावलेली ही तिसरी कसोटी बातम्यांच्या मथळ्यांत आली नाही. आली असती तर तुलना वेगळी झाली असती.

वर्तुळाकार अनुनादकाचे मोल कशात आहे ते पाहण्यासाठी बारा क्यूबिट एका ओळीत उभे आहेत असे समजा. प्रत्येकाला फक्त शेजाऱ्याशी बोलता येते. पहिल्याला बाराव्याशी काम पडले तर त्याला शेजारी नेण्यासाठी दहा अदलाबदली कराव्या लागतील. एक अदलाबदल म्हणजे सामान्यतः तीन द्विक्यूबिट क्रिया, एकूण तीस. प्रत्येक क्रिया ९९ टक्क्यांची धरली तरी प्रत्यक्ष कामाला हात लागण्याआधीच विश्वासार्हता ७४ टक्क्यांवर आलेली असते. टीआयएफआरच्या गटाने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात एका कड्याच्या परिघावर क्यूबिट बसवले आणि बारा क्यूबिट सामावू शकणाऱ्या उपकरणात प्रत्येक क्यूबिट इतर नऊ क्यूबिटांशी थेट जोडता येईल अशी रचना तपासून दाखवली. त्यासाठी घडणीची प्रक्रिया अधिक किचकट करावी लागली नाही.

सहा या आकड्यात हे काहीच दिसत नाही. 'किती' विचारणाऱ्याला सहा हे उत्तर मिळते. 'कोण कोणाशी बोलू शकतो' असे विचारणाऱ्याला आपल्याच राज्यात झालेली एक स्वतंत्र कल्पना मिळते.

अर्थात, कड्यालाही मर्यादा आहे. क्यूबिट वाढत गेले की कंपनसंख्यांची गर्दी होते आणि नको असलेले परस्परसंबंधही वाढतात. एकच कडे हवे तितके मोठे करता येणार नाही. पण माझ्या मते हीच गोष्ट विभागशः रचनेकडे बोट दाखवते. आतून घट्ट जोडलेली, आटोपशीर, तपासून घेता येणारी चिप हा विभागशः संगणकाचा एकक होऊ शकतो. आतले वर्तुळ मुंबईने दिले आहे. अशा दोन वर्तुळांमधला सांधा हा पुढचा स्वाभाविक प्रश्न आहे. तो जाहीरपणे, आकड्यांसह विचारला जावा ही माझी अपेक्षा आहे.

एकशे छप्पन्न आणि सहा

इथे राष्ट्रीय क्वांटम अभियानाकडे वळले पाहिजे. १९ एप्रिल २०२३ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने त्याला मंजुरी दिली. तरतूद ६००३.६५ कोटी रुपयांची, मुदत २०२३-२४ ते २०३०-३१. संगणनाचे ठळक उद्दिष्ट असे की अतिसंवाहक, प्रकाशीय अशा मंचांवर आठ वर्षांत ५० ते १००० भौतिक क्यूबिटांचे संगणक घडवायचे.

या उद्दिष्टावर माझा पहिला आक्षेप त्याच्या रुंदीवर आहे. पन्नास आणि हजार यांत वीस पटींचे अंतर आहे. एवढ्या रुंद दारातून काहीही आत जाऊ शकते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. चुकीचे प्रमाण, टिकाऊपणाचा काळ, परस्परजोडणी, सांध्यातला तोटा यांपैकी एकही राशी त्या ठळक उद्दिष्टात नाही. शंभर ढिले क्यूबिट केले तर उद्दिष्ट गाठले जाते. तीस उत्तम क्यूबिट आणि एक उत्तम सांधा केला तर ते गाठले जात नाही. मोजपट्टी जशी असेल तसे काम वाकते. शाळेत टक्के मोजले की मुले टक्क्यांसाठी शिकतात, तसेच हे आहे.

तिसरा मुद्दा रचनेचा. अभियानाच्या यादीत क्वांटम स्मृतींसह अनेक केंद्रांचे जाळे उभारण्याचेही उद्दिष्ट आहे, पण ते संदेशवहनाच्या खात्यात येते. केंद्रांची वाटणीही त्याच धर्तीवर झाली आहे : संगणन बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेकडे, संदेशवहन मद्रास आयआयटीकडे, संवेदन आणि मापन मुंबई आयआयटीकडे, पदार्थ आणि उपकरणे दिल्ली आयआयटीकडे. कामासाठी अशी वाटणी लागतेच. पण एकाच रेफ्रिजरेटरमधल्या दोन चिपांना जोडणारी हातभर केबल कोणाच्या खात्यात? ती संगणनाचा भाग आहे, संदेशवहनाचाही, आणि तिचा धातू पदार्थविज्ञानाचा. दोन खात्यांच्या बांधावरचे झाड ज्याचे त्याचे राहत नाही, हा आपला अनुभव आहे. सांधा नेमका बांधावर आला आहे.

आता आकड्यांच्या तुलनेचे सर्वांत ठळक उदाहरण. एप्रिल २०२५ मध्ये बंगळूरच्या क्यूपीआय-एआय या नवउद्योगाने २५ क्यूबिटांची अतिसंवाहक यंत्रणा जाहीर केली. पुढच्याच महिन्यात आयबीएम, टीसीएस आणि आंध्र प्रदेश सरकार यांनी अमरावतीत १५६ क्यूबिटांच्या हेरॉन चिपेचे यंत्र बसवण्याची योजना जाहीर केली. सहा, पंचवीस, एकशे छप्पन्न अशी ही शिडी मांडली की भारताने वर्षभरात मोठी झेप घेतली असे चित्र तयार होते. प्रत्यक्षात ही एकाच शिडीची पावले नाहीत. अमरावतीचे यंत्र ही बाहेर घडलेल्या यंत्राची इथे मिळणारी सोय आहे. ती उपयोगाची आहे आणि तिच्यावर आपले विद्यार्थी कार्यक्रम लिहायला शिकतील. सहा क्यूबिटांची चिप म्हणजे घडवण्याचे ज्ञान. विहीर खणणे आणि टँकर मागवणे या दोन्हींतून पाणीच मिळते, पण पुढच्या उन्हाळ्यात दोहोंतला फरक कळतो. दोन्ही आकडे एका रकान्यात लिहिणारी बातमी वाचकाची दिशाभूल करते, तिचा तसा हेतू नसला तरी.

दुसरी बाजू

माझ्या मांडणीवर एक रास्त हरकत घेता येईल, आणि ती टाळणे योग्य होणार नाही. संख्या निरर्थक आहे असे कोणी म्हणू शकत नाही. उपयोगी क्वांटम संगणकाला चुकांची दुरुस्ती लागते आणि दुरुस्तीला संख्या लागते. गूगलने डिसेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या १०५ क्यूबिटांच्या 'विलो' चिपेवर दुरुस्तीचा संच मोठा करत नेला, तसतशी चूक प्रत्येक पायरीला निम्म्याहून खाली आली. संच मोठा करायला क्यूबिट हवेतच. आयबीएमच्या संशोधकांनी २०२४ मध्ये 'नेचर'मध्ये मांडलेल्या एका संकेतपद्धतीत २८८ भौतिक क्यूबिटांतून १२ तार्किक क्यूबिट मिळतात. म्हणजे २०० तार्किक क्यूबिट हवे असतील तर भौतिक क्यूबिट हजारांत लागणार.

पण या दोन्ही उदाहरणांत संख्या दुसऱ्या एका अटीवर फळते. विलोमध्ये संख्या वाढवल्यावर चूक घटली, कारण प्रत्येक क्रियेची चूक आधीच एका उंबरठ्याखाली आणलेली होती. उंबरठ्याच्या वर असताना संख्या वाढवली की चूक वाढते. आणि २८८ मध्ये बारा बसवणारी पद्धत चालते ती केवळ शेजाऱ्यांशी बोलणाऱ्या क्यूबिटांवर चालत नाही. दूरच्या क्यूबिटांना थेट जोडणारे दुवे तिला लागतात. संख्येची बाजू घेऊन गेलो तरी सांध्याशीच येऊन थांबावे लागते.

माझ्या बाजूच्या अतिशयोक्तीलाही इथे आवर घातला पाहिजे. सांधा चिपेइतकाच निर्दोष असला पाहिजे असे नाही. अलीकडच्या सैद्धांतिक अभ्यासांतून असे दिसते की दुरुस्तीची पद्धत वापरणाऱ्या दोन चिपांच्या शिवणीवरची चूक आतल्या चुकीच्या कित्येक पट असली तरी एकूण रचना तग धरते, कारण शिवण ही कडेची रेघ आहे, सगळे कापड नव्हे. म्हणून सांध्यासाठी एकच जादूचा आकडा मागणे हेही चूक ठरेल. आतली चूक, शिवणीची चूक आणि सांध्याला लागणारा वेळ या तिन्हींचे परस्परप्रमाण पाहावे लागते. वेळेचा मुद्दा विशेष : क्यूबिटची स्थिती टिकते तोवरच सांधा उपयोगाचा. मंद सांधा कितीही अचूक असला तरी तो पोहोचेपर्यंत माल नासलेला असतो.

बातमी कशी वाचावी

आपल्या विज्ञानलेखनाने या विषयात दोन सवयी लावून घेतल्या आहेत. क्वांटम संगणक 'एकाच वेळी सगळी उत्तरे तपासतो' हे वाक्य पहिली. हे वाक्य अपुरे आहे. मापन केल्यावर एकच उत्तर हाती येते, आणि चुकीच्या उत्तरांच्या लहरी एकमेकींना खोडतील अशी गणिताची मांडणी करणे हेच खरे कौशल्य आहे. दुसरी सवय क्यूबिट मोजण्याची. दोन्ही सवयींमुळे विषय चमत्कारासारखा वाटतो, आणि चमत्काराला कोणी प्रश्न विचारत नाही.

म्हणून पुढची बातमी वाचताना वाचकाने पाच प्रश्न जवळ ठेवावेत. दोन क्यूबिटांमधल्या क्रियेत चूक किती? क्यूबिटची स्थिती किती काळ टिकते? एक क्यूबिट किती जणांशी थेट बोलतो? चिपा जोडल्या असतील तर वरच्या चार प्रकारांपैकी कोणत्या प्रकारे, आणि जोडावर किती गळते? आणि शेवटचा : यातला कोणता भाग इथे घडला, कोणता विकत आणला? पाचांपैकी तीनांची उत्तरे बातमीत नसतील तर तिला जाहिरात समजावे. अभियानाच्या वार्षिक प्रगतीतही हेच पाच रकाने असावेत अशी मागणी करणे हा करदात्याचा हक्क आहे. त्यासाठी भौतिकीची पदवी लागत नाही.

शेवटी झ्युरिकच्या त्या चौदा हजार स्क्रूंविषयी. ते कोणीतरी एकेक करून आवळले. ३० मीटरच्या नळीत हवा शिरू नये, थंडी गळू नये, तांब्याचे पत्रे नीट टेकावेत यासाठी जे हात लागले त्यांत निर्वात यंत्रणा, वेल्डिंग, यंत्रकाम, सूक्ष्मलहरींची इलेक्ट्रॉनिक्स जाणणारेही असणार. एकाच प्रचंड चिपेचा संगणक हे थोड्या, फार महागड्या कारखान्यांचे काम राहते. सांध्यांचा संगणक कामाचीही वाटणी करतो : केबली, जोड, थंडी राखणाऱ्या नळ्या, तपासणीची यंत्रे. यातले बरेचसे काम डिप्लोमा आणि आयटीआयच्या वाटेने येणाऱ्या माणसालाही शिकता येण्याजोगे आहे. हसनाबादच्या मुलांना मी 'तुम्ही नोबेल मिळवाल' असे सांगत नाही. ते सांगणे सोपे असते आणि कोणाला बांधील नसते. पण येत्या काही वर्षांत या देशात असे सांधे घडवायचे ठरले, तर ते आवळायला शिकलेले हात लागतील, एवढे खात्रीने सांगता येते.

ते ठरणार का, हे आपण काय मोजतो यावर अवलंबून आहे. २०३१ मध्ये अभियानाचा हिशेब मांडला जाईल तेव्हा कोणीतरी एक आकडा वाचून दाखवील. त्या वेळी सभागृहातून नाही तर निदान वाचकांतून एक प्रश्न उठावा : आकडा ऐकला, आता सांधा दाखवा.